नव्या बँडची बेसमेंटमधली पहिली रेकॉर्डिंग्ज पुसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत नव्या बँडबद्दल अधूनमधून छापून येतं ते मी आवर्जून वाचतो आणि बरंही वाटतं, पण एक गोष्ट बरेच दिवस खटकतेय म्हणून आज लिहायला बसलो. बँडचं नाव पेपरात येतं तोवर पहिलं गाणं स्टुडिओत रेकॉर्ड होऊन, मिक्स होऊन, व्हिडिओ-बिडिओ निघून सगळं झालेलं असतं. मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला, सुरुवात कशी झाली, आणि पोरंही ठरलेलं उत्तर देतात, आम्ही मित्र होतो, एकत्र जॅमिंग करायचो, मग हळूहळू गाणी होत गेली. झालं, पुढचा प्रश्न. अहो पण ती गाणी होत कशी गेली तेच तर ऐकायचंय आम्हाला! आणि ते खरोखर ऐकता येऊ शकतं, कारण आता नवा बँड बेसमेंटमध्ये तालमीला बसला की कोणीतरी फोनचं रेकॉर्डिंग चालू करतंच. फक्त पुढे फोनची मेमरी भरते आणि पहिला बळी याच फाइल्सचा जातो. हे पुसणं थांबलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं आणि पेपरने मनावर घेतलं तर ते थांबू शकतं.

मी स्वतः बरीच वर्षं बेस वाजवला, आता लाइव्ह शोच्या साउंडचं काम करतो, आणि ओळखीतल्या एका नव्या बँडच्या तालमीला जाऊन बसतो. चौघं जण आहेत, ड्रमवर एक मुलगी, बाकी गिटार, बेस आणि एक गाणारा. अजून नाव ठरलेलं नाही, दर तालमीला नवं नाव निघतं आणि पुढच्या तालमीला ते कोणालाच आवडत नाही.

तालीम बेसमेंटमध्येच का, तर ड्रममुळे. गिटार हेडफोन लावून वाजवता येते, कीबोर्डचा आवाज कमी करता येतो, पण ड्रमसेटला व्हॉल्यूमचं बटण नसतं, त्यामुळे जमिनीखाली जाण्याशिवाय इलाज नाही. तिथे गेल्यावर मग खोली स्वतःच बँडमध्ये सामील होते म्हणा ना. चारी बाजूंनी सिमेंट, छत खाली, आवाज भिंतीवर आपटून परत येतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे २.४ मीटर उंचीच्या छताखाली ७१ हर्ट्झच्या आसपासचा सूर घुमायला लागतो, बेसच्या ए तारेवर चौथ्या-पाचव्या फ्रेटला जे वाजतं तेच. जमिनीजवळ आणि छताजवळ हा सूर फुगतो आणि बरोबर निम्म्या उंचीवर, म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाचा कान जिथे येतो तिथेच, तो जवळजवळ गायब होतो. म्हणून खुर्चीत बसलेला गिटारवाला म्हणतो बेस ऐकूच येत नाहीये, आणि जमिनीवर ठेवलेल्या फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याच बेसने बाकी सगळ्यांना गिळलेलं असतं. यावरून भांडणं होताना मी पाहिलीत, दोघंही खरं बोलत असतात आणि दोघांनाही पटत नाही.

अशा खोलीत केलेलं रेकॉर्डिंग ऐकायला खराबच असतं हे मान्य. झांजांचा नुसता खळखळाट, गाणं मागे कुठेतरी, ॲम्पची (गिटारच्या ॲम्प्लिफायरची) घरघर, मध्येच वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढतं. पण ऐकणाऱ्याने दहा मिनिटं धीर धरला तर कान त्या आवाजाला सरावतो आणि मग आत काय चाललंय ते दिसायला लागतं.

या पोरांच्या एका रेकॉर्डिंगबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्याशिवाय माझा मुद्दा पोचणार नाही. त्या संध्याकाळी वर कोणीतरी आजारी होतं, म्हणून मोठ्याने वाजवायचं नाही असं कबूल करूनच त्यांना खोली मिळाली होती. ड्रमवालीने काठ्या बाजूला ठेवल्या, ब्रश घेतले आणि स्नेअरच्या, म्हणजे समोरच्या छोट्या कडक आवाजाच्या ड्रमच्या, खालच्या तारा सोडून टाकल्या, त्यामुळे स्नेअरचा कडकपणाच गेला, नुसता ठुम असा आवाज यायला लागला. गिटारवाल्याने ॲम्प इतका खाली आणला की रेकॉर्डिंगमध्ये ॲम्पच्या आवाजाबरोबर तारेला पिक घासल्याचाही आवाज ऐकू येतो. गाणाऱ्याचा माइक दुसऱ्या एका छोट्या गिटार ॲम्पमध्येच लावलेला, वेगळा स्पीकर होताच कुठे. गाण्याला शब्द नव्हते, तो नुसता ना ना, हे हे असं काहीतरी गात होता. अकरा-बारा मिनिटांची ती फाइल आहे. पहिली तीन-चार मिनिटं काहीच जमत नाही, बेसवाल्याला पुढची कॉर्ड माहीत नाही म्हणून तो एकच सूर धरून बसलाय, गिटारवाला वाजवता वाजवता ओरडतो, "जी, अरे जी!", म्हणजे जी कॉर्ड, तरी तो धरूनच बसतो. आणि मग काय होतं, की त्या एकाच सुराखाली गिटारच्या कॉर्ड बदलत राहतात आणि ते चक्क छान लागायला लागतं, हे गिटारवाल्याच्या लक्षात आलेलं ऐकू येतं, कारण तो ओरडायचं थांबतो आणि वाजवणं हलकं करतो. तेवढ्यात ड्रमवाली ब्रशही थांबवते, फक्त पायाने हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) चालू ठेवते, चिक... चिक... आणि आता ओरडायची गरजच उरलेली नसल्यामुळे गाणारा एक सप्तक खाली उतरतो. तिथे त्याला चाल सापडते. आज ते गाणं ज्या चालीवर उभं आहे ती तिथे, त्या क्षणी, सातव्या मिनिटाच्या आसपास पहिल्यांदा ऐकू येते. शेवटी सगळे थांबतात आणि बेसवाला विचारतो, "रेकॉर्ड होतंय ना रे?"

पुढे हेच गाणं घेऊन ही मंडळी एका स्टुडिओत गेली. तिथे क्लिक (कानात लयीची टिकटिक) लावून वाजवलं, स्नेअर कडक केला, गाणाऱ्याला सांगितलं जरा वर गा, एनर्जी पाहिजे. गाणं स्वच्छ झालं, एकही सूर इकडचा तिकडे नाही, आणि चौघांचेही चेहरे उतरलेले. काय चुकलंय ते कोणाला सांगता येईना, चुकलेलं तर काहीच नव्हतं. मला म्हणाले, काका तुम्हीच ऐका. मी म्हटलं आधी बेसमेंटमधली फाइल काढा. तर ती गिटारवाल्याच्या फोनमधून केव्हाच उडालेली, कारण स्टुडिओतल्या माणसाने ती ऐकून हा कचरा आहे, आता विसरा, असं सांगितलं होतं आणि याने खरंच विसरायचं ठरवलं. नशीब, बेसवाल्याने ती ग्रुपवर टाकून ठेवली होती म्हणून सापडली. दोन्ही एकापाठोपाठ लावली आणि लय मोजली, बेसमेंटमध्ये मिनिटाला ७६ ठोके, स्टुडिओत ८८. गाणं पळत होतं, आणि शिवाय एक सप्तक वर चढून पळत होतं. लय परत खाली आणली, स्नेअरच्या तारा परत सोडल्या, बेसचा तो अडलेला सूर मुद्दाम तसाच ठेवला आणि गाणं परत त्यांचं झालं. ती फाइल नसती तर आपलं काय हरवलंय हे त्यांना कधी कळलंच नसतं, दोन महिन्यांपूर्वीची लय डोक्यात राहत नाही, माणसाला वाटतं आपण पहिल्यापासून असंच वाजवतोय.

हे काही आमच्याच पोरांचं नाही. १९६७ साली अमेरिकेत वेस्ट सॉगर्टीज नावाच्या गावात बिग पिंक नावाच्या घराच्या बेसमेंटमध्ये गायक-गीतकार बॉब डिलन आणि त्याच्याबरोबर दौऱ्यावर वाजवणारी मंडळी कित्येक महिने रोज भेटून वाजवायची. टेप मशीन सांभाळायचा गार्थ हडसन, जो स्वतः ऑर्गन वाजवायचा, वेगळा इंजिनिअर वगैरे कोणी नाही. यातला डिलनचा भाग सगळ्यांना माहीत असतो, पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ही साथीदार मंडळी तोवर दुसऱ्यांच्या मागे वाजवणारी होती, आणि याच तळघरात ती स्वतःचा बँड झाली, द बँड याच नावाने, पहिला अल्बम १९६८ला आला. त्यांचा गिटारिस्ट रॉबी रॉबर्टसनने नंतर सांगितलंय की सिमेंटच्या त्या खोलीत मोठ्याने वाजवलं तर कानाला त्रास व्हायचा, म्हणून ते जवळजवळ बसून हळू वाजवायचे. एकमेकांना ऐकत वाजवण्याची त्यांची जी ओळख पुढे झाली तिच्यामागे त्या भिंतीही आहेत! आमच्या ड्रमवालीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे वरचे आजोबा आजारी नसते तर आपलं गाणंच झालं नसतं काका. बरोबर आहे तिचं.

त्या टेप्सचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. १९७५ला त्यातली निवडक गाणी अल्बम म्हणून बाहेर आली, पण त्यातल्या काहींवर नंतर वाजवलेले भाग चढवलेले होते, म्हणजे लोकांच्या हातात आलं ते सगळंच १९६७चं नव्हतं. जवळपास सगळं मूळ रेकॉर्डिंग एकत्र यायला २०१४ उजाडलं, सहा सीडी आणि १३८ ट्रॅक. हे शक्य झालं ते मूळ टेप्स राखल्या गेल्या म्हणून. राखलेलं असलं की चाळीस-पन्नास वर्षांनीसुद्धा मागे जाता येतं, पुसलेलं असलं की विषयच संपला.

बीटल्सचं तर अजून मागचं आहे. ६ जुलै १९५७, लिव्हरपूलजवळ वूल्टनमधल्या चर्चची जत्रा, जॉन लेननचा शाळकरी बँड क्वॉरीमेन (यातूनच पुढे बीटल्स झाले) वाजवतोय आणि त्याच दिवशी त्याची पॉल मॅकार्टनीशी पहिली भेट होते. त्या कार्यक्रमाचा थोडा भाग प्रेक्षकांतल्या एकाने घरच्या ग्रुंडिग टेपरेकॉर्डरवर टिपला होता. ती टेप १९९४ साली लिलावात निघाली आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने ती ७८,५०० पौंडांना घेतली. आवाज कसा आहे म्हणाल तर वाईट. पण त्या पोराने आवाज वाईट येतोय म्हणून टेप पुसली असती तर आज त्या दिवसाचा एक सूरही कोणाकडे नसता. पुढच्याच वर्षी, १९५८ला, याच पोरांनी वर्गणी काढून दोन गाण्यांची एक डिस्क करून घेतली, एकच, म्हणून ती आळीपाळीने एकेकाच्या घरी राहायची. शेवटी पियानोवाल्या जॉन लो याच्याकडे ती राहून गेली ती १९८१पर्यंत, मग मॅकार्टनीने विकत घेतली, आणि लोकांना ती ऐकायला मिळाली थेट १९९५ला. त्या डिस्कवर ड्रम वाजवणारा बीटल्सचा रिंगो नाही, तो १९६२ला आला. डिस्कवर आहे कॉलिन हॅन्टन. रिंगोच्या कितीतरी आधी तिथे ड्रमवर कोण बसायचं आणि कसं वाजवायचं हे आपल्याला ऐकता येतं ते अशा राखलेल्या रेकॉर्डिंगमुळे.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. नव्या बँडमध्ये माणसं फार बदलतात, कोणाची परीक्षा येते, कोणाला नोकरी लागते, कोणाचं पटत नाही. पहिला ड्रमर, पहिला बेसवाला हे बहुतेक वेळा पहिल्या अल्बमपर्यंत टिकतच नाहीत. पण गाणी त्यांच्या हातून घडलेली असतात. दुसरा येतो, तोच ठेका वाजवतो, पोस्टरवर दुसऱ्याचा फोटो येतो, आणि पहिला माणूस घरी बसून आपण बसवलेला ठेका ऐकतो. त्याच्याकडे दाखवायला काय असतं, ही बेसमेंटमधली फाइल सोडून? मी असे लोक जवळून बघितलेत आणि त्यांचं वाईट वाटतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं की तालमीचं रेकॉर्डिंग कोणा एकाच्या फोनमध्ये राहू देऊ नका, सगळ्यांकडे कॉपी द्या, सोडून गेलेल्यालाही द्या. ते बाहेर आणायचं झालं तर त्यावर वाजवणाऱ्या प्रत्येकाला विचारा, आणि हे सगळं भांडण व्हायच्या आधी, सगळे हसत असताना, एका कागदावर लिहून ठेवा. कुठली ओळ कोणी आणली, रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) कोणाची, हे त्या रेकॉर्डिंगमधल्या बोलण्यातून जितकं कळतं तितकं नंतर कोणाच्याच आठवणीतून कळत नाही. म्हणून गाण्यांच्या मधलं बोलणं कापू नका. लोकांना ती फालतू बडबड वाटते, पण मला विचाराल तर निम्मा ऐवज तिथे असतो.

अजून एक प्रकार हल्ली दिसतो, बरोबर उलटा. तालीम संपायच्या आत तुकडा नेटवर चढतो आणि मग रात्रभर कोण काय म्हणतंय ते बघत बसायचं. हे मला पटत नाही. राखणं वेगळं आणि छापणं वेगळं. जे गाणं अजून चालायला शिकतंय त्यावर अनोळखी लोकांनी मत दिलं की पोरं ते मत वाजवायला लागतात, गाणं बाजूला राहतं. रेकॉर्डिंग करा, जपा, आपापसात ऐका, वेळ आली की बाहेर काढा.

आता थोडं कामाचं, कारण हे पत्र एखाद्या नव्या बँडच्या पोरापोरींनी वाचलं तर त्यांच्या उपयोगाला यावं. फोनवर रेकॉर्ड करताना पहिला त्रास असतो तो आपोआप लेव्हल बदलण्याचा, ड्रमचा एक फटका बसला की फोन सगळाच आवाज दाबतो आणि मग हळूहळू वर आणतो, त्यामुळे हळू कुठे वाजवलं आणि जोरात कुठे तेच कळेनासं होतं. ही सोय बंद करता येईल असं ॲप घ्या, लेव्हल हाताने लावा, सगळ्यात मोठ्या फटक्यालाही ॲपमधला लेव्हलचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी, कारण फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही पण लहान आवाज मोठा करता येतो. एमपी३ऐवजी वेव्ह (WAV) म्हणजे न दाबलेली फाइल ठेवा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण १७ एमबी, दोन तासांची तालीम २ जीबीच्या आसपास, आजच्या काळात हे काही फार नाही. फोन जमिनीवर नको, कोपऱ्यात नको (बेस तिथेच साचतो), ड्रमच्या तोंडावर तर अजिबात नको, गाणाऱ्याच्या ॲम्पच्या बाजूला थोडा सरकवून स्टँडवर ठेवा आणि एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका, हलवा, परत ऐका, प्रत्येक खोलीचं गणित वेगळं असतं. रेकॉर्डिंग चालू केल्यावर पहिल्यांदा तोंडाने तारीख बोला, कोण काय वाजवतंय त्यांची नावं बोला आणि गाण्याचं तात्पुरतं का होईना नाव बोला. फाइलचं नाव बदललं जातं, फोन बदलतो, पण आवाजात बोललेली तारीख फाइलबरोबर राहते. त्याच रात्री दुसऱ्या एका ठिकाणी कॉपी करा. बस, इतकंच. यासाठी महागडं सामान लागत नाही, अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ला नेब्रास्का हा अख्खा अल्बम घरच्या खोलीत चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर दोन साध्या माइकने केला. तो खरं तर बँडला दाखवायचा डेमो होता, नंतर पूर्ण बँडबरोबर वाजवून बघितलं, मनासारखं झालं नाही, आणि शेवटी ती कॅसेटच अल्बम म्हणून बाहेर आली.

आणि हो, अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्याने आवाज बाहेर जायचा थांबत नाही, बेसला तर पत्ताही लागत नाही, वरचे सूर तेवढे थोडे मऊ होतात आणि शिवाय आग लागायची भीती. जाड गाद्या, गोधड्या भिंतीपासून थोड्या सोडून टांगा, आतला घुमा तरी कमी होतो. कान सांभाळा, ८५ डेसिबलला आठ तास चालतात पण दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते, १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं, आणि छोट्या खोलीत ड्रम जोरात वाजले की १०० सहज ओलांडतात. इअरप्लग वापरा, लाजू नका. ओल असलेल्या बेसमेंटमध्ये अर्थिंग तपासल्याशिवाय गिटार हातात धरून माइकला ओठ लावू नका, झटका बसतो, आणि नुसताच झटका बसून सुटला तर नशीब समजा.

आता तुमच्याकडे मागणी. नव्या बँडची मुलाखत घ्याल तेव्हा त्यांना त्यांचं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग मागा. ते ऐका आणि त्याबद्दल दोन परिच्छेद लिहा, कुठल्या खोलीत झालं, कोण वाजवत होतं, आता असलेलं काय तेव्हा नव्हतं आणि तेव्हा असलेलं काय आता नाहीये. त्याला स्टार देऊ नका, अल्बमच्या मापाने मोजू नका, ते त्यासाठी केलेलंच नसतं. बँड सोडून गेलेल्याचं नाव त्यात आवर्जून छापा. पेपरवाले पहिली फाइल मागतात हे एकदा पोरांमध्ये पसरलं ना, की पुसायच्या आधी हात थांबेल, हे मी या पोरांमध्ये राहून सांगतोय. आईबापांसाठीही एक ओळ लिहा, की खालून तोच तोच तुकडा परत परत ऐकू येतोय म्हणजे पोरं वेळ वाया घालवतायत असं नाही, गाणं तसंच बसतं, घासून घासूनच.

आणि ज्यांच्याकडे आधीच्या बँडच्या कॅसेटी किंवा रीळ पडलेत त्यांनाही सांगा, जुनी टेप चिकट झालेली दिसली तर मशीनवर चढवू नका, लेप निघून येतो आणि त्याबरोबर आवाजही जातो, आधी टेप दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा. कॅसेटच्या मागच्या कडेच्या प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या तोडून टाका, म्हणजे चुकून कोणी त्यावर दुसरं काही रेकॉर्ड करणार नाही.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेचा प्रश्न असेल तर बीटल्स आणि डिलनचा भाग काढा, पण रेकॉर्डिंग कसं करायचं आणि कॉपी सगळ्यांना द्या हे जे लिहिलंय ते कृपया पूर्ण छापा.

आपला,
एक जुना बेसवादक आणि नियमित वाचक